दुसरा धक्का

गाडी गतिरोधकावर चढली, पुढच्या चाकांचा धक्का बसला, आणि मी मागच्या सीटवर पाठ आवळून दुसऱ्या धक्क्याची वाट पाहिली. तो आला नाही. मागची चाकं त्याच उंचवट्यावरून गेली असणार, पण माझ्या मणक्यापर्यंत काही पोहोचलं नाही. खाली कुठेतरी काहीतरी मऊ हललं आणि संपलं. पन्नास वर्षं मी जीप, मेटॅडोर, ट्रक, ट्रॅक्टरची ट्रॉली यांच्या मागच्या बाजूला बसत आलो आहे. आधी एक धक्का येतो, थोड्या वेळाने दुसरा येतो, आणि दुसरा पहिल्यापेक्षा मोठा असतो, हे माझ्या अंगाला कोणी शिकवावं लागलेलं नाही. अंगाने तयारी केली आणि ती वाया गेली. हापशीचा दांडा जोर लावून दाबावा आणि तो हलकाच खाली यावा, तसं झालं.

"काय झालं आबाजी? असे काहून बसले?" कामिनी आरशातून माझ्याकडे पाहत होती.

"दुसरा धक्का कुठी गेला?"

"गिळला गाडीनं," ती हसली. "मामाच्या गाडीले मागं दोन्ही चाकं सुटी आहेत ना. म्हणून तर मी आठ दिवसांपासून तुमच्या मागं लागली. आपल्या गाडीले काय ठेवायचं ते एकदाचं सांगून द्या. दहा दिवस राहिले फक्त."

कामिनी म्हणजे माझा मित्र सोमाजी याची नात. नागपूरला इंजिनीअरिंग शिकते, माझा नातू अश्विन तिच्याच वर्गात आहे. दोघांनी मिळून एक जुनी काँटेसा आणली आणि भंडाऱ्याला हायवेवरच्या माझ्या गाडीदुरुस्तीच्या दुकानात उभी केली. नागपूरच्या पलीकडे मातीचा ट्रॅक आहे, वळणावळणाचा, तिथे शर्यत होती. गाडी कामिनी चालवणार होती. त्या दिवशी मला मोहाडीच्या तहसीलमध्ये एका कागदावर सही करायची होती, तर ही म्हणाली, मी नेते, मामाची गाडी आलेली आहे. मला वाटलं म्हाताऱ्याची सोय पाहते. तिला मला मागच्या सीटवर बसवून त्या गाडीचा मागचा भाग दाखवायचा होता, हे गतिरोधक गेल्यावर कळलं. सोमाजीही तरुणपणी असाच होता. सांगायचं ते सांगत नसे, तिथे नेऊन उभा करीत असे.

प्रश्न साधा होता. मागची दोन चाकं एकमेकांना बांधायची की सुटी ठेवायची. अखंड एक्सल म्हणजे एक जाड लोखंडी नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन चाकं. डावं चाक दगडावर चढलं की नळी कलते, उजव्यालाही कलावं लागतं. वजन भारी, खड्ड्यात गाडीचं बूड उडतं. पण ती नळी वाकत नाही, चुकत नाही, सरळ जोर लावला की दोन्ही चाकं जमिनीवर सपाट बसतात आणि गाडी ढकलतात. सुट्या रचनेत प्रत्येक चाकाला आपापला हात असतो, आपापला स्प्रिंग. डाव्याचं दुखणं उजव्याला कळत नाही. खराब जमिनीवर चाक जमीन सोडत नाही. पण त्या हातांचे सांधे जिथे हवेत तिथेच असावे लागतात, गव्हाएवढी चूक चालत नाही. कामिनी हे सगळं पुस्तकातून शिकली होती, मी पाठीतून. आठ दिवस मी तिला हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पाहू, म्हणालो. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो तसं.

वरठीच्या पुढे रस्ता धानाच्या बांध्यांमधून, भातखाचरांमधून जातो. कापणी झाली होती, बांध्यांत नुसती धसकटं होती. मला ठाऊक होतं पुढे काय आहे. बोडी आहे, म्हणजे लहान तलाव, आणि रस्ता त्या बोडीच्या पाळीला लागून उजवीकडे मोडतो. चौतीस वर्षांत मी त्या वळणावरून किती वेळा गेलो असेन, आणि प्रत्येक वेळी दुसरीकडे पाहिलं आहे. बसमध्ये असलो तर शेजाऱ्याला वेळ विचारतो. त्या दिवशी शेजारी कोणी नव्हतं. कामिनीने वेग कमी केला. वळणाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त कमी केला, एखादी म्हैस आडवी यावी इतका, आणि मग हळूच गाडी वळवली.

"इतकी हळू काहून?" मी विचारलं.

"इथं आमच्या आबाजीनं जीप घातली होती ना बोडीत. मोहाडीची पोरं अजून चिडवतात मले. म्हणतात सोमाजीची नात शर्यतीले चालली, ट्रॅकवर पाणी तर नाही ना." ती हसली नाही. "बाबा म्हणतात आपल्या घराण्यात स्टेअरिंगचा हात नाही. उजवं वळण आलं का माझा पाय आपोआप ब्रेकवर जाते, आबाजी. अश्विन ओरडते माझ्यावर."

माझा पाय गाडीच्या तळाला दाबलेला होता. मी तो सैल केला. बोडीत पाणी होतं, कडेला कमळाची पानं होती, एक माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता. मी ते सगळं पाहिलं. मग मी म्हणालो, "सुटी बसव."

"काय?"

"मागची चाकं. सुटीच बसव. अखंड एक्सल नको."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर अखंड एक्सलवर हात काळे केलेला माणूस. तिला वाटलं असेल, एका गतिरोधकाने माझं मत बदललं. मीही पुढचे पाच दिवस स्वतःला तेच सांगत होतो.

दुकानात अश्विनला तर खरंच वाटेना. भंगारात निघालेल्या एका परदेशी गाडीचा मागचा सगळा सांगाडा त्याने महिनाभरापूर्वी आणून ठेवला होता, हात, सांधे, स्प्रिंग सगळं, आणि माझ्या भीतीने त्यावर ताडपत्री टाकली होती. "आबाजी मॉडर्न होऊन गेले," तो म्हणाला. माझी बायको पार्वताबाई चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "यांचं काही खरं नाही. लग्नात मले म्हणे मी कधी चष्मा लावणार नाही." आम्ही काँटेसाचा स्वतःचा अखंड एक्सल सोडवला, भिंतीला टेकवून ठेवला, आणि गाडीचा तळ कापायला सुरुवात केली. कापताना ठिणग्या उडत होत्या आणि मला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटण्यासारखं त्या कामात काही नव्हतं. चार-साडेचार फूट नळी आणि तिच्या मधोमध फुगलेला लोखंडी भोपळा माझ्या नजरेसमोरून बाजूला झाला, एवढंच झालं होतं.

हे नीट सांगितलं पाहिजे. आमच्या भागात तेव्हा एक पद्धत होती, माझ्या दुकानापुरती तर होतीच. रोवण्याच्या, धान लावायच्या दिवसांत जीप बांध्यांपर्यंत न्यावी लागे, पऱ्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या भरून, मजूर भरून. चिखलात जीपचं एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं गप्प बसून राहतं. मागच्या एक्सलच्या भोपळ्यात लहान दातेरी चाकं असतात, त्यांच्यामुळे दोन्ही चाकांना कमी-जास्त फिरता येतं. रस्त्यावर वळताना ते हवंच असतं, बाहेरच्या चाकाला जास्त चालावं लागतं. चिखलात तेच नडतं. मी ती दाती वेल्डिंग करून एकमेकांना चिकटवून टाकायचो. मग दोन्ही चाकं एकदमच फिरत, जीप चिखलातून बैलासारखी निघे. पण रस्त्यावर अशी जीप वळत नाही. स्टेअरिंग फिरवा, ती सरळ जाऊ पाहते. म्हणून आषाढात वेल्ड केलेला एक्सल बसवायचा आणि दसरा-दिवाळीला तो काढून मोकळा बसवायचा. माझ्याकडे पाच-सहा गिऱ्हाइकं होती अशी. परसात एक्सल ओळीने पडलेले असत. मला लिहिता येत नव्हतं. वेल्ड केलेल्यावर मी गेरूचं बोट ओढायचो, आणि खरं म्हणजे त्याचीही गरज नाही असं म्हणायचो. मला सगळं ध्यानात राही. कोणत्या गाडीचा कोणता नट झिजला आहे, कोणाच्या क्लचला किती महिने झाले, सगळं. शिकलेली माणसं चिठ्ठ्या शोधत बसत आणि मी बोट दाखवायचो. त्याची मला फार मिजास होती. लिहिता न येणारा माणूस आपल्या आठवणीवर जितका विश्वास ठेवतो, तितका शहाण्याने बँकेवर ठेवू नये.

नव्वद साली दसऱ्याच्या सकाळी सोमाजी जीप घेऊन आला. तो मोहाडी-भंडारा सवाऱ्या नेत असे, आणि पावसाळ्यात शेताची कामं. आम्ही दोघे एका वयाचे, एकोणचाळीस वर्षांचे. आम्हाला दीक्षाभूमीला जायचं होतं. पार्वताबाई पांढरं लुगडं नेसून, पोरांना तयार करून दारात उभी, आणि वस्तीतला ट्रक कोपऱ्यावर भोंगा वाजवत होता. मी सोमाजीचा एक्सल काढून ओळीत टाकला, ओळीतला दुसरा उचलून बसवला. पावसात सगळ्यांवरचा गेरू धुऊन गेला होता. एक्सल मोकळा आहे की वेल्ड केलेला, हे पाहायला तपासणी अगदी सोपी आहे. गाडी वर उचललेली असतेच. एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलटं फिरलं तर मोकळा, त्याच दिशेने फिरलं तर वेल्ड केलेला. जीभ हलवण्याइतकं काम. सोमाजीने विचारलंही, "हाच ना बे मोकळा?" मी म्हणालो, "मले ध्यानात राह्यते." आणि हात पुसून ट्रककडे पळालो. शेवटचे नट त्याने स्वतः आवळले.

पुढचं मला रात्री नागपूरहून परत आल्यावर कळलं. पावसाळाभर सोमाजी त्या वळणावर हळू जात होता, कारण त्याला ठाऊक होतं की खाली वेल्ड आहे. त्या दिवशी त्याला ठाऊक होतं की खाली मोकळा आहे. रस्ता कोरडा होता, गाडी रिकामी होती, तो उन्हाळ्याच्या वेगाने गेला. जीप वळली नाही. पाळीवरून सरळ बोडीत गेली आणि डाव्या अंगावर पडली. त्याचा डावा गुडघा त्यानंतर वाकला नाही. लोक म्हणाले दसऱ्याचा दिवस, प्यायला असेल. सोमाजीने उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. तो म्हणाला, गाडी वळलीच नाही. लोक म्हणाले, पिणारा असंच म्हणतो. चार दिवसांनी ट्रॅक्टरने ओढून जीप माझ्याच दुकानात आणली. दुकानात मी एकटा होतो. मी एक चाक फिरवलं. दुसरं त्याच दिशेने फिरलं. मी तसाच बसून ते थांबेपर्यंत पाहत राहिलो. मग तो एक्सल काढला, परसात सगळ्यांत मागे, भिंतीशी टाकला, आणि जीपखाली मोकळा बसवला. सोमाजीच्या भावाने जीप विकली तेव्हा तिच्यात काही दोष नव्हता.

दोन वर्षांनी साक्षरतेचे वर्ग निघाले. विहारात संध्याकाळी कंदिलाभोवती आम्ही पंधरा-वीस जण बसायचो, मी सगळ्यांत आधी जाऊन बसे. सगळ्यांना कौतुक वाटे. शिकवणारी मुलगी म्हणे, डोमाजी, तुम्हाला काय वाचायचं आहे एवढं? मी म्हणे, सही. सही आठ दिवसांत आली, मी दोन वर्षं गेलो. पाटीबाहेर मी लिहिलेला पहिला शब्द माझं नाव नव्हतं. पांढरा ऑइल पेंट आणि बारीक ब्रश घेऊन मी परसात गेलो, भिंतीशी पडलेल्या त्या एक्सलवरची माती खरवडली, आणि लिहिलं: वेल्ड. ल आणि ड जोडायला मला तीन वेळा पुसावं लागलं. त्यानंतर दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर मी लिहीत गेलो. आज माझ्या दुकानात नाव नसलेली खिळ्याची डबीसुद्धा नाही. लोक म्हणतात डोमाजीचं काम फार पद्धतशीर आहे.

सोमाजी दर रविवारी येतो. आता तो मुलाकडे भंडाऱ्यालाच असतो. पूर्वी मोहाडीहून यायचा तर बसने, आणि बसमध्येही ड्रायव्हरच्या मागची जागा घेत नसे. एकदा मी म्हणालो, तिथं पाय लांब करता येईल तुले. तर म्हणाला, "नको. त्याचे हात पाहतो मी मंग. अन् आपलं काय चुकलं ते शोधत बसतो." असं काही तो क्वचितच बोलतो. एरवी तो माझी टिंगल करतो आणि चहा पितो. चौतीस वर्षं मी त्याला चहा पाजतो आहे.

तर काम चाललं होतं. सुटी रचना गाडीखाली बसत नव्हती असं नाही, बसत होती. डावा हात आणि उजवा हात ज्या जागी जोडायचे त्या जागा अगदी समोरासमोर, एका उंचीवर हव्यात. मी दोरा ताणला, ओळंबा सोडला, पाण्याची नळी लावून पातळी पाहिली. माझ्या दुकानाची फरशीच एका बाजूला उतरती आहे, पाणी वाहून जावं म्हणून मीच केलेली. तीन वेळा मोजलं, तीन वेळा वेगळं आलं. वेल्डिंग केलं की लोखंड तापून ओढलं जातं, पुन्हा फरक. सहाव्या दिवशी सगळं जोडून झालं. अश्विन गाडीच्या मागच्या भागावर बसून दाबत होता आणि कामिनी खाली पडून चाकांना लावलेली पट्टी वाचत होती.

"डावं चाक दबलं का बाहेर तोंड करते, आबाजी," ती खालून म्हणाली. "चार एमएम. उजवं नाही करत."

मला ते आधीच दिसलं होतं. सकाळपासून दिसत होतं. गाडी उजवीकडे वळताना डाव्या अंगावर कलते, डावं चाक दबतं. दबलं की ते आपल्या मनाने बाहेर वळणार. उजव्या वळणात गाडीचं बूड अचानक निसटणार, आणि स्टेअरिंगवर जो कोणी असेल त्याला वाटणार की हात आपला चुकला.

"चालते तेवढं," मी म्हणालो. "मातीवर नाही समजत."

कामिनी सरपटत बाहेर आली. गालाला ग्रीस लागलेलं होतं. "चालते?"

"तुमीच तर एक सूत चुकलं तर सगळं काढाले लावता," अश्विन म्हणाला.

"चार दिवसांत काय नवं करशीन? चालते म्हटलं ना."

मी हातोडी घेऊन उगाच एका बोल्टवर ठोकली. माझा आवाज मला ओळखू येत होता. तो मले-ध्यानात-राह्यते वाला आवाज होता. तोच माणूस, फक्त चष्मा लागलेला. अखंड एक्सल परत लावायचा तर एक दिवसाचं काम होतं, चार जागी बसवायचा, आडवी दांडी लावायची की तो डावी-उजवीकडे सरकू नये, झालं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे नजर गेली की मी तोंड फिरवत होतो, आणि त्या तोंड फिरवण्याला मत म्हणत होतो. सुट्या चाकांचे सगळे गुण खरे होते. त्यातला एकही माझं कारण नव्हता.

तो रविवार होता. सोमाजी दुपारी आला, काठी टेकत, स्टुलावर बसला, ताठ पाय समोर लांबवला. "काय बे डोम्या, झाली का पोरीची आगगाडी?" कामिनी परसात गेली होती, तिला एक जाड लोखंडी पट्टी हवी होती. तिचा आवाज आला, "आबाजी, हा जुना एक्सल कायचा आहे? जीपचा आहे काय?" मग ती हसत बाहेर आली. "याच्यावर 'वेल्ड' लिहून आहे. तुमचं अक्षर आहे ना? ल अन् ड किती मोठे! भोपळ्यातली दाती वेल्ड केलेली आहेत का याची? आम्ही मातीच्या ट्रॅकसाठी हेच वाचलं होतं. कोणाच्या गाडीचा?"

कोणाच्याही गाडीचं नाव घेता आलं असतं. सहा गिऱ्हाइकांपैकी चार मेली आहेत. मी सोमाजीच्या पायाकडे पाहत होतो. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि तो त्याने तारेने बांधला होता, नीट, दोन वेढे देऊन, टोक आत वळवून. चांगल्या ड्रायव्हरची गाठ होती ती.

"याच्या," मी म्हणालो. "सोमाजीच्या जीपखाली होता. दसऱ्याच्या दिवशी."

हायवेवरून एक ट्रक गेला. मी हातोडी खाली ठेवली आणि सांगितलं. गेरू धुऊन गेला होता ते सांगितलं, ट्रकचा भोंगा सांगितला, चाक फिरवून पाहिलं नाही ते सांगितलं. चार दिवसांनी पाहिलं ते सांगितलं, आणि एक्सल बदलून ठेवला तेही सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सांगायला फार वेळ लागेल.

सोमाजी काठीच्या टोकाने फरशीवरचा तेलाचा डाग खरवडत होता. बराच वेळ खरवडत राहिला.

"म्हंजे मी गाडी बरोबर चालवून राहिलो होतो," तो म्हणाला.

"हो."

"मी फिरवलं होतं स्टेअरिंग. पूर्ण फिरवलं होतं."

"हो. तू फिरवलं. गाडीच वळली नाही."

"तेच तं मी म्हणत होतो सगळ्याइले." त्याने वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, दुकानाच्या पत्र्याकडे, आणि बायकोचं नाव घेतलं. "उषा गेली. पाच वर्षं झाली तिले. तिले वाटे मी पिऊन होतो. तोंडानं नाही म्हणे कधी. पण दर दसऱ्याले माझ्या तोंडाचा वास घे, हसून, उगाच जवळ येऊन." तो थांबला. "तुले ठाऊक होतं अन् तू तिच्या हातचं जेवला."

"जेवलो."

"अन् चहा पाजत होता मले."

"हो."

"लय फिका करते तुझी बायको चहा," सोमाजी म्हणाला. कामिनी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "ऐकलं काय व तू? माझा हात चांगला होता." मग माझ्याकडे न पाहता उठला, काठी घेतली आणि दाराकडे चालू लागला. मला वाटलं गेला. इतकंच व्हायचं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण तो दारापर्यंत न जाता भिंतीला टेकवलेल्या काँटेसाच्या एक्सलजवळ थांबला आणि काठीने त्याच्यावर टक्‌ टक्‌ केलं.

"हा काहून काढला?"

"मले पाहवत नव्हता," मी म्हणालो.

"सुटं चाललं असतं काय?"

"नीट बसवलं असतं तर यापेक्षा चांगलं. माझ्या दुकानात, इतक्या दिवसांत, नीट बसत नाही. डावं चाक बाहेर जाते. उजव्या वळणावर दगा देईन. मी पोरीले चालते म्हणून सांगितलं."

कामिनी माझ्याकडे पाहत होती. अश्विनने पान्हा उचलला आणि डाव्या चाकाच्या हाताचा पहिला बोल्ट सैल करायला बसला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अखंड एक्सल परत गाडीखाली होता. कापलेला तळ मी पट्ट्या लावून शिवला, आडवी दांडी बसवली, दोन्ही बाजूंनी मोजलं, कागदावर लिहिलं. कामिनीने माझा कागद घेऊन पुन्हा मोजलं. आधी ती असं करत नसे. मी तिला पट्टीचं दुसरं टोक धरून दिलं. सोमाजी सोमवारी कधी येत नाही. त्या दिवशी तो आला, रिक्षातून उतरला. पार्वताबाईने आणलेला चहा त्याने घेतला नाही, बाजूला ठेवला. गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर उचललेला होता, चाकं हवेत. त्याने स्टूल सरकवत डाव्या चाकाजवळ आणलं, त्यावर बसला, ताठ पाय बाजूला केला.

"तपासलं काय?" त्याने विचारलं.

"तपासलं. सकाळी अन् आता," मी म्हणालो. "कागदावर आहे."

"कागद राहू दे."

त्याने दोन्ही हातांनी टायर धरलं आणि जोरात पुढे फिरवलं. तो सोडून आम्ही चौघंही पलीकडच्या चाकाकडे पाहत होतो. ते उलटं फिरलं. सोमाजीला बसल्या जागेवरून ते दिसत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"उलटं फिरून राह्यलं," मी म्हणालो.

"कामिनी?" त्याने विचारलं.

"उलटंच फिरते, आबाजी."

त्याने मान हलवली, टायरवर हात ठेवून चाक थांबवलं, आणि गार झालेला चहा उचलला.